९ फेब्रुवारी १९६४ : बीटल्स अमेरिकेच्या दिवाणखान्यात

तिसरी घंटा (धागाकर्ता)

बीटल्स हा ब्रिटिश बँड आणि अमेरिकन टीव्हीवरचा 'एड सुलिव्हन शो' म्हटलं की दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. पहिली, ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो कार्यक्रम पाहिला. दुसरी, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या खुनाला अडीच महिने झाले होते, देश सुतकात होता आणि या चार पोरांनी त्याला हसवलं. पहिलीबद्दल वाद नाही. दुसरी मला कधीच पटली नाही, म्हणून हा धागा.

ऑक्टोबर १९६३ मध्ये लंडनच्या पॅलेडियम थिएटरमधून बीटल्स टीव्हीवर झळकले तेव्हा ब्रिटनमध्ये दीड कोटी लोक बघत होते आणि पोरी अशाच किंचाळत होत्या. तिथे कुणाचा खून झाला होता? ३१ ऑक्टोबरला ते स्वीडनचा दौरा आटोपून हीथ्रोवर उतरले तेव्हाची गर्दी बघून नेमका तिथे असलेला एड सुलिव्हन चक्रावला, असं सांगतात. पुढचा सौदा मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने केला. तीन कार्यक्रमांचे मिळून १० हजार डॉलर. १९५६ मध्ये रॉक-अँड-रोलवाल्या एल्विस प्रेस्लीने याच कार्यक्रमात तीन वेळांचे ५० हजार घेतले होते! एपस्टाइनने पैशांवर फार ताणलं नाही, एकाच गोष्टीवर अडून बसला : कार्यक्रमात पहिलं नाव आमच्या पोरांचं.

तोवर अमेरिकेत यांना कुत्रं विचारत नव्हतं. कॅपिटॉल ही अमेरिकन रेकॉर्ड कंपनी, बीटल्सच्या ब्रिटनमधल्या ईएमआयच्याच मालकीची, पण ती बीटल्सच्या रेकॉर्डी एकामागून एक नाकारत होती. व्ही-जे, स्वान अशा छोट्या कंपन्यांनी काढल्या, त्या पडून राहिल्या. मग डिसेंबरात सीबीएस या टीव्ही नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातम्यांत ब्रिटनमधल्या या वेडावर एक वार्तापत्र लागलं. मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या १५ वर्षांच्या एका मुलीने ते बघून वॉशिंग्टनच्या रेडिओ स्टेशनला पत्र टाकलं, की आपल्याकडे हे का वाजत नाही? निवेदक कॅरल जेम्सने एका हवाईसुंदरीकरवी लंडनहून रेकॉर्ड मागवली आणि १७ डिसेंबरला वाजवली. फोन थांबेनात. कॅपिटॉलने जानेवारीचा मुहूर्त बदलून रेकॉर्ड २६ डिसेंबरलाच बाजारात आणली. नाताळची सुट्टी, पोरं घरी, रेडिओ उशाशी. १ फेब्रुवारीला 'आय वाँट टू होल्ड युवर हँड' बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं! ७ तारखेला पॅन अ‍ॅमचं विमान न्यूयॉर्कला उतरलं तेव्हा गाणं पोराटोरांच्या तोंडी होतं. राहिलं होतं ते या चौघांना बघायचं.

आता त्या रात्रीकडे येतो. ब्रॉडवेवरचा सीबीएसचा स्टुडिओ ५०. खुर्च्या ७२८, मागणी ५० हजारांची. सुलिव्हन हा मूळचा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक. स्टेजवर असा अवघडून उभा राहतो, की लग्नात जबरदस्तीने भाषण करायला लावलेला मामाच. त्याच्या रविवारच्या तासात ऑपेरा, कसरती, जादू, नकला सगळं चालायचं. आजोबा ज्यासाठी बसत ते नातवाला बघावं लागे आणि नातवाचं आजोबांना. आधी तो एल्विस आणि त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर यांच्याकडून आलेल्या शुभेच्छांची तार जाहीर करतो. मग 'ऑल माय लव्हिंग'. आणि दुसरं गाणं कुठलं? 'टिल देअर वॉज यू'. ब्रॉडवेच्या 'द म्युझिक मॅन'मधलं, म्हणजे आईबापांच्या ओळखीचं. याच गाण्यात पॉल, रिंगो, जॉर्ज, जॉन अशा एकेकाचा चेहरा जवळून दाखवून खाली नाव येतं. जॉनच्या नावाखाली जोडलेली ओळ : 'माफ करा मुलींनो, याचं लग्न झालंय.' सोफ्यावर बसलेल्या आईला हसू फुटलं असणार ते इथे. लगोलग 'शी लव्ह्ज यू', म्हणजे पुन्हा पोरांच्या ताब्यात.

माझं म्हणणं असं, की त्या रात्रीचा खरा पराक्रम कॅमेऱ्याचा आहे. तो सारखा प्रेक्षकांकडे वळतो. खुर्चीत उसळणारी, तोंडावर हात दाबून धरलेली, शेजारणीला गदागदा हलवणारी मुलगी. हे ऐकताना असं वागलं तरी चालतं, हे घरी बसलेल्या चौदा वर्षांच्या पोरीला तिच्या वडिलांच्या देखत दाखवलं गेलं. वडील कपाळाला आठ्या घालून शेजारीच. घरोघर बहुतेक एकच टीव्ही, देशात तीनच नेटवर्क, त्यामुळे उठून जाणार कुठे? रेडिओ तिने खोलीत एकटीने ऐकला होता. हे मात्र सगळ्यांनी एका खोलीत बसून, एकमेकांची तोंडं बघत पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आणि ऑफिसात त्यावर बोलल्यावाचून कुणाचं चाललं नाही. सुतक वगैरे नंतर लेख लिहिणाऱ्यांना सुचलं.

बेसूर

झकास लिहिलंय. सुलिव्हनच्या मामाला +१ :)

खडूस सदाशिव

लेख वाचनीय, निष्कर्ष अमान्य. कॅमेरा कसला, हा सगळा कॅपिटॉलच्या पैशाचा खेळ. 'बीटल्स येताहेत' अशी स्टिकरं देशभर चिकटवली होती, त्यातही लाखांनी. विमानतळावरची तीन हजार पोरं काय पंचांग बघून आली होती? कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनने हिशेब मांडला तोच मला योग्य वाटतो : ७५ टक्के प्रसिद्धी, २० टक्के केस, ५ टक्के गळा काढणं.

आणि आकड्यांचं एवढं कौतुक नको. ९ सप्टेंबर १९५६ ला एल्विस याच कार्यक्रमात आला तेव्हा चालू असलेल्या टीव्ही संचांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त संच त्याच्यावर होते. बीटल्सच्या वेळी ६० टक्के. टक्केवारीत तुमचे चौघे त्या एकट्यापुढे नापास.

तिसरी घंटा

@सदाशिव, टक्केवारी बरोबर आहे, पण तुम्ही म्हणताय त्याच्या नेमकं उलट तीवरून सिद्ध होतं. १९५६ च्या ८२ टक्क्यांनी गल्लोगल्ली बँड उभे राहिले नाहीत, १९६४ च्या ६० टक्क्यांनी राहिले. एल्विस एकटा पुढे. मागचे वादक स्कॉटी मूर, बिल ब्लॅक कुणाच्या लक्षात राहायचे? एल्विस बघून पोरगा आरशासमोर उभा राहायचा. बीटल्स बघितल्यावर त्याने तीन मित्र गोळा केले. चौघे सारखेच पुढे, चौघांना नावं, आपापली वाद्यं, गाणीही बहुतेक स्वतःच लिहिलेली. टॉम पेटी, बिली जोएल यांच्यासारख्या रॉक गायकांनी पुढे मुलाखतींत त्या रात्रीचंच नाव घेतलंय.

प्रसिद्धीबद्दल म्हणाल तर जाहिरातीने पहिली रेकॉर्ड खपते. ४ एप्रिलला बिलबोर्डच्या यादीत पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या होत्या आणि त्यातली काही गाणी कॅपिटॉलने लाथाडलेली, छोट्या कंपन्यांनी काढलेली. त्यांच्यावर कॅपिटॉलने कशाला पैसे लावावेत?

अटकेपार

न्यू जर्सीतून लिहितेय. केनेडी प्रकरण तुम्ही फारच झटकन निकालात काढलंत.

आमच्या शेजारच्या आजी तेव्हा आठवीत होत्या. त्यांच्या बोलण्यात सुतक, दुःख असले शब्द येत नाहीत. त्या सांगतात ते असं : नोव्हेंबरात चार दिवस घरातला टीव्ही बंदच झाला नाही. खून, मग संशयिताचाच खून, अंत्ययात्रा, सगळं वडिलांच्या शेजारी त्याच सोफ्यावर बसून बघितलं. तोपर्यंत त्या घरात टीव्ही म्हणजे करमणूक होती. त्या चार दिवसांत 'देशात काय चाललंय ते सगळ्यांनी मिळून बघायची जागा' अशी त्याची ओळख झाली. फेब्रुवारीत त्याच सोफ्यावर वडील पुन्हा बसले आणि पहिल्या गाण्याला म्हणाले, 'ह्यांना न्हावी मिळत नाही का?' आजींना गाण्यांचा क्रम आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

तेव्हा केनेडींचा संबंध आहे. तुम्ही दिवाणखाना म्हणताय ना, तो दिवाणखाना त्या चार दिवसांत तयार झाला. ब्रिटनमध्ये वेड आधीच लागलं होतं हे खरं, पण एका रात्रीत सगळा देश एका पडद्यासमोर बसण्याचा सराव तिथे असा झाला नव्हता.

चकली

अटकेपार, मस्त!

मी वाचलं होतं की त्या तासाभरात अमेरिकेत गुन्हेच घडले नाहीत, गाडीची एक व्हीलकॅपसुद्धा चोरीला गेली नाही. आपल्याकडे रामायणाच्या वेळी रस्ते ओस पडायचे तसंच.

टाचणी

@चकली, ती लोणकढी आहे. वॉशिंग्टन पोस्टच्या बिल गोल्ड नावाच्या स्तंभलेखकाने टोमणा मारला होता, की बीटल्स टीव्हीवर होते त्या तासात एकही व्हीलकॅप चोरीला गेली नाही. म्हणजे बीटल्सचे चाहते कोण, तर चाकं चोरणारी पोरं! न्यूजवीक साप्ताहिकाने ते खरं समजून उचललं आणि पुढे 'देशातला गुन्हेगारीचा नीचांक' वगैरे फुगत गेलं. गोल्डने मग खवचटपणे खुलासा छापला : वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियातल्या एका गृहस्थांची गाडी त्या वेळी चर्चच्या आवारात उभी होती आणि तिच्या चारही व्हीलकॅप गेल्या.

रंगपट

सगळे बीटल्सवर बोलताय. त्याच रात्री त्याच स्टेजवर आणखी कोण होतं ते बघा. नाटकात लहानमोठी कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांना तो भाग बघवत नाही.

बीटल्सची पहिली तीन गाणी झाली, जाहिरात झाली आणि पुढे कोण? फ्रेड कॅप्स. डच जादूगार, जादूच्या जागतिक स्पर्धेत तीनदा सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला एकमेव माणूस. पत्ते आणि न संपणाऱ्या मिठाची करामत करतो. हात असे चालतात की बघत राहावं. पण प्रेक्षक अजून मागच्या गाण्यातच आहेत. टाळ्या पडतात, सभ्यपणाने पडाव्यात तशा.

त्याहून वाईट गत मिट्झी मॅकॉल आणि चार्ली ब्रिल या नवरा-बायकोची. विनोदी प्रवेश करणारी तरुण जोडी. सुलिव्हनच्या स्टेजवर पाय ठेवणं म्हणजे त्या धंद्यात नशीब उघडणं, आणि यांना नेमका तो रविवार मिळाला. रंगीत तालमीनंतर सुलिव्हनने बोलावून सांगितलं, आज पोरंच पोरं आहेत, तुमचा प्रवेश त्यांच्या डोक्यावरून जाईल, बदला. आयत्या वेळी! मेहनतीने बसवलेला प्रवेश कापून, इकडचा तुकडा तिकडे जोडून दोघं उभी राहिली, तीही बीटल्सच्या दुसऱ्या फेरीच्या तोंडावर. हशा आलाच नाही. ज्याने हयातीत एकदा तरी पडलेला विनोद पुढे रेटलाय त्याने ती मिनिटं बघावीत : बोलण्याचा वेग हळूहळू वाढतो, डोळे एकमेकांकडे जास्त जातात. पुढे कित्येक वर्षं दोघांनी ते चित्रीकरण पाहिलं नाही.

उलट, 'ऑलिव्हर!' या संगीतिकेच्या संचात एक १८ वर्षांचा पोरगा होता, डेव्ही जोन्स. त्याने विंगेतून पोरींचा धिंगाणा बघितला आणि ठरवलं की आपल्याला हेच पाहिजे. अडीच वर्षांत, सप्टेंबर १९६६ मध्ये, एनबीसीवर 'द मंकीज' सुरू झालं. टीव्हीसाठी जाहिरात देऊन जमवलेला चौघांचा बँड, त्यात हा डेव्ही.

सहा तारा

@रंगपट, तो प्रवेश आता बघणार. वाचूनच पोटात गोळा आला.

वाद्यांबद्दल थोडं. जॉर्जला त्या दिवसांत ताप होता, घसा बसला होता. शनिवारच्या तालमीत त्याच्या जागी नील अ‍ॅस्पिनॉल, म्हणजे त्यांचा रोड मॅनेजर, उभा केला होता. त्याच दिवशी रिकनबॅकर कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल जवळच्या एका हॉटेलात गिटारी मांडून बसले होते. त्यात एक नवी बारा तारांची इलेक्ट्रिक होती. ती प्लाझा हॉटेलात अंथरुणावर पडलेल्या जॉर्जच्या हातात गेली. पुढे 'अ हार्ड डेज नाइट'मध्ये ती वाजली, तो सिनेमा बघून रॉजर मॅग्विनने तशीच गिटार मिळवली आणि बर्ड्स या बँडचा आवाज तिच्यावर उभा राहिला. मूळ कार्यक्रमात मात्र ती नाही. तिथे जॉर्जकडे ग्रेच कंपनीची गिटार आहे, जॉनकडे छोटी काळी रिकनबॅकर, पॉलकडे व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस.

रिंगो उंच चौथऱ्यावर, ड्रमवर बीटल्सच्या वर बारीक अक्षरांत 'लुडविग'. एवढी फुकट जाहिरात कुणाला मिळाली नसेल. शिकागोच्या त्या कारखान्याला पुढे ऑर्डरी पुरवता पुरवता नाकी नऊ आले.

आवाजाचं म्हणाल तर रडगाणंच. दुसऱ्या फेरीत जॉनचा माइक जवळजवळ मेलेला. किस्सा असा सांगतात, की तालमीत आवाजाचं संतुलन जमवून मिक्सरवर खडूने खुणा केल्या होत्या आणि मधल्या वेळात सफाईवाल्यांनी त्या स्वच्छ पुसून टाकल्या.

गोदाकाठ

लेख आवडला, एक गोष्ट टोचली. धागाकर्ते म्हणतात की कॅमेऱ्याने मुलींना कसं वागायचं ते दाखवलं. म्हणजे मुली पुन्हा शिकाऊच का?

तुमच्याच लेखात आहे बघा, रेडिओला पत्र कुणी लिहिलं? १५ वर्षांच्या मुलीने. रेकॉर्ड कुणी आणून दिली? हवाईसुंदरीने. कॅपिटॉलमधले जाणकार पुरुष महिनोन्‌महिने नाही म्हणत होते. स्टुडिओत ज्या किंचाळत होत्या त्या कॅमेरा येण्याआधीच ठरवून आल्या होत्या. पुढच्या काही दिवसांत न्यूजवीक, हेरल्ड ट्रिब्यूनमधल्या मोठ्या माणसांनी केसांची, कपड्यांची आणि त्या मुलींची टिंगल केली. कोण बरोबर निघालं?

माझ्या मते कॅमेऱ्याचं काम एवढंच, की जे मुलींना ठाऊक होतं ते त्याने त्यांच्या बापांना दाखवलं.

तिसरी घंटा

@गोदाकाठ, शेवटचं वाक्य माझ्या अख्ख्या लेखापेक्षा चांगलं आहे, चोरणार. तरी थोडा हट्ट धरतो : स्टुडिओत फक्त ७२८ होत्या. ओमाहातल्या, टल्सातल्या मुलीला आपल्यासारख्या आणखी आहेत हे पडद्यावरच कळलं.

मिरजकर

आपल्याकडे यातलं काय पोचलं होतं त्या वेळी?

फोर्टचा फाटका

@मिरजकर, टीव्ही म्हणाल तर शून्य. दिल्लीत १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण होतं, मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर बीटल्स फुटून दोन वर्षं झाली होती. मुंबई-पुण्याच्या पोरांना ते ऐकायला मिळाले रेडिओ सिलोनवर आणि कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात दाबलेल्या रेकॉर्डींवर. दिसले मासिकांतल्या फोटोंत.

आपला एड सुलिव्हन म्हणजे हिंदी सिनेमा! १९६५ चा 'जानवर' काढा. 'देखो अब तो किसको नहीं है खबर', संगीत शंकर-जयकिशन, आवाज रफी आणि आशाबाई. चाल सरळ 'आय वाँट टू होल्ड युवर हँड'. बीटल्सछाप केसांचे टोप घातलेला बँड आणि पुढे शम्मी कपूर. ज्याला सगळे भारताचा एल्विस म्हणायचे तोच बीटल्सच्या चालीवर मान झटकतोय. किंचाळणाऱ्या मुलींऐवजी नाचणाऱ्या, बाकी मामला तोच.

उलटा प्रवासही झाला. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीतही तिथलंच. जाणाऱ्या-येणाऱ्यांना पत्ता नव्हता वर कोण बसलंय त्याचा.

बेसूर

आत्ताच 'जानवर'चं गाणं लावलं. घरच्यांनी दार लावून घेतलं. टोप अप्रतिम.

खडूस सदाशिव

गोदाकाठ यांचा मुद्दा मान्य. कॅमेऱ्याचा अजूनही नाही. पण तो अख्खा भाग जाहिरातींसकट बघायचा कुठे? यूट्यूबवर तुकडेच मिळतात.

तिसरी घंटा

@सदाशिव, बीटल्स असलेले चारही भाग पूर्ण, मूळ जाहिरातींसकट डीव्हीडीवर निघालेत. जुन्या डीव्हीडी विकणाऱ्यांकडे शोधा. पहिल्यानंतर १६ फेब्रुवारीचाही बघा, तो मायामी बीचच्या डोव्हिल हॉटेलातून झाला आणि जॉन तिथे बराच जास्त ऐकू येतो. त्यात प्रेक्षकांकडे नीट लक्ष ठेवा. जगज्जेता मुष्टियोद्धा सनी लिस्टन बसलाय. दोन दिवसांनी याच चौघांनी कॅशियस क्लेच्या (पुढचा मुहम्मद अली) तालमीत जाऊन फोटो काढून घेतले आणि २५ तारखेला क्लेने लिस्टनला हरवलं.

खडूस सदाशिव

लिस्टन टाळ्या वाजवतो का?